हरणांचं ताट कुणी उचललं?

येळवस जवळ आली की माझ्या माहेरून, गंगाखेडकडून, वहिनीचा फोन येतो. आंबिलासाठी ताक लावलंय, बाजरीचे उंडे करायचेत, तुम्ही आदल्या दिवशीच या, असा तिचा आग्रह असतो. मागच्या येळवशीलाही फोन आला. सगळं बोलून झाल्यावर ती जरा चाचरत म्हणाली, "ताई, येताना परभणीच्या बाजारातून भज्जीपुरता ओला हरभरा घेऊन या. आपल्या रानातला हरणांनी ठेवलाच नाही."

शेतकऱ्याच्या घरी, येळवशीच्या दिवशी, भज्जीसाठी हरभरा विकत आणायचा! पिशवीत पेंढ्या घेऊन एसटीत बसले तेव्हा मला अगदी अवघडल्यासारखं झालं. रानात कोप केली होती, पूजा झाली, आंबील शिंपडली, पंगत बसली. पण पंगतीत विषय एकच, हरणांचा. सोयाबीन उगवलं की कोवळं शेंडे खातात, हिवाळ्यात हरभऱ्यावर येतात, एका रात्रीत कळप फिरला की शेत तुडवून जातो. कुणी म्हणालं तारेचं कुंपण करा, कुणी म्हणालं झटका मशीन आणा, कुणी फटाक्यांचं सांगितलं. एकदोघं तर रागाच्या भरात बोलू नये तेही बोलून गेले.

त्यांचा राग मला समजतो. पुरुष रात्री जागलीला जातात, पण पहाटेपासूनची राखण बायकांकडे आणि पोरींकडे असते. शेजारच्या रानातली आठवीतली मुलगी दोन महिने शाळेचे पहिले दोन तास बुडवून धुऱ्यावर डबडं वाजवत उभी राहत होती. या नुकसानीचा पंचनामा कुणी करत नाही. हरणाचे डोळे सुंदर असतात हे शहरात बसून सांगणं सोपं आहे. ज्या घरचं बियाणं दोनदा पेरावं लागतं त्या घरात ते ऐकवत नाही.

आमच्या भागातली ही हरणं म्हणजे बहुतेक काळवीट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना सगळ्यांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण संरक्षण आहे म्हणून त्यांचं पोट भरतं असं नाही.

पंगतीत सगळ्यांचं बोलून झाल्यावर माझी म्हातारी चुलती म्हणाली, "आधी काय हरणं नव्हती का? होती की. पर ती गायरानात चरायची. आता गायरानात हाय काय खायला?"

सगळे गप्प झाले. मीही. कारण खरंच, गायरानाकडे मी कित्येक वर्षांत नीट बघितलंच नव्हतं.

लहानपणी आम्ही त्या गायरानात गवऱ्या वेचायला जायचो. पाऊस संपला की मारवेल आणि पवन्या गुडघ्याच्या वर आलेला असायचा. कुसळी वाळली की परकराला इतकी कुसळं चिकटायची की आई ओरडायची. पायापाशी फुर्रकन तित्तर उडायचा, ससा पळायचा. दिवसा गुरं चरायची, गुरं परतली की लांबवर हरणं दिसायची. एकाच ताटात दोघांचं भागायचं.

परवा परत जाऊन पाहिलं. गायरान हिरवंगार दिसतं, वर पांढरी फुलं. लांबून वाटावं की किती छान. जवळ गेलं की कळतं, सगळं गाजर गवत. त्यात गाय तोंड घालत नाही, हरीण तोंड घालत नाही. चुकून गुरांनी खाल्लं तर दुधाला कडू वास येतो.

मैत्रिणींनो, नावात गवत असलं तरी हे गवत नाहीच. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं हे झुडूप आहे आणि ते मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते पहिल्यांदा डोळ्यांत भरलं १९५५ च्या सुमाराला, पुण्यात. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगितलं जातं. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं, पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत म्हटलं. नाव काहीही घ्या, एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. बिया मातीत वर्षानुवर्षं टिकतात. शिवाय त्याच्या मुळांतून आणि पानांतून असा काही रस जमिनीत उतरतो की शेजारी दुसरं बी नीट रुजत नाही. म्हणजे ते नुसतं जागा अडवत नाही, दुसऱ्याला उठूच देत नाही.

आणि त्याचा पहिला त्रास कुणाला? खुरपं ज्याच्या हातात आहे त्याला. आमच्याकडे निंदणी बायकाच करतात. हाताला, मानेला, डोळ्यांच्या कडांना पुरळ उठतं, खाज सुटते, कातडी काळी जाड होते. परागकणांनी शिंका आणि दमा. आमच्या बचत गटातल्या एकीने दोन वर्षं देवीचा कोप समजून नवस केले. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा तुमच्या बांधावरच्या गाजर गवताचा प्रताप आहे.

याच सुमाराला मी भाचीकडे चंद्रपूरला गेले होते, तेव्हा तिने ताडोबा दाखवलं. वाघ दिसला नाही. पण नवेगाव आणि जामणीच्या बाजूला लांबच लांब कुरणं दिसली आणि त्यात चितळांचे कळप. मी म्हटलं, किती छान नैसर्गिक आहे! बरोबरचा वाटाड्या हसला. म्हणाला, "ताई, इथं गाव होतं. ही शेतं होती."

गावं बाहेर वसवल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत आधी उगवतं ते तणच. तिथं वन विभागाने तण काढून गवत वाढवलं. मेळघाटातही बोरी, कोहा, कुंड ही गावं हलल्यावर त्यांच्या शेतांची कुरणं झाली. गवतांचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्या माणसांनी वनकर्मचाऱ्यांना गवत ओळखायला, बी कधी गोळा करायचं, तण कधी उपटायचं हे शिकवलं. तरोटा, रानतुळस, घाणेरी ही सगळी फुलावर यायच्या आत काढायची, आणि एकदा काढून थांबायचं नाही. पुन्हा, पुढच्या वर्षी पुन्हा. मग हळूहळू चांगलं गवत जोर धरतं आणि तणाला जागा उरत नाही. ज्या माणसांनी आपली गावं सोडली त्यांचं दुःख त्या कुरणाखाली आहे, हेही मला तिथं उभं असताना विसरता आलं नाही. पण तण माजलेल्या जमिनीत पुन्हा चारा उभा राहू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हटलं, जंगलात होतं तर आपल्याकडे का नाही? आपल्याकडे जंगल कितीसं आहे? जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात थोडंफार, बाकी सगळी काळी रानं. पण हरणाला घनदाट जंगल लागतच नाही, त्याला मोकळं गवताळ रान लागतं. आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झालं, त्याचं क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. लहान तुकडासुद्धा उपयोगाचा असतो.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाचं काम आहे. तिथं ग्रामसभेत आम्ही विषय मांडला. गायरानातले दोन एकर, फक्त दोन एकर, आम्हाला गवतासाठी द्या. पहिला प्रश्न आला, "गुरांना चारा नाही अन् हरणांसाठी कुरण? उद्या उंदरांसाठी कणगी बांधाल." सभेत हशा पिकला. पण एका म्हाताऱ्या गुराख्याने बाजू घेतली. "गाजर गवत गेलं तर तुमच्याच गुरांचं भलं हाय. हरणं ते हरणं, गुरंबी खातील," म्हणाला. ठराव झाला. ते साल २०२२.

पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फुलं यायच्या आत, चौदा बायकांनी गाजर गवत मुळासकट उपटलं. ओल्या जमिनीतून मूळ सहज निघतं, कोरड्यात वरचं तुटतं आणि पुन्हा फुटतं. फुलं नसलेलं म्हणून खड्ड्यात शेणाबरोबर कुजवून खत केलं. फुलावर आलेलं मात्र खतात टाकू नये, बिया शेतात जातात. दुसऱ्याच महिन्यात सगळं पुन्हा उगवलं. बायकांचे चेहरे पडले, माझाही. पुन्हा उपटलं. हिवाळ्यात पुन्हा.

मग परभणीच्या कृषी विद्यापीठाची आठवण झाली. गाजर गवताची पानं खाणारा एक छोटा भुंगा आहे, मेक्सिकन भुंगा म्हणतात. १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून बंगळूरला आणला, आपल्या पिकांना तो धोक्याचा नाही ना हे तपासलं आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. आपल्या विद्यापीठातही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले गेले आहेत. पावसाळ्यात भुंगा आणि त्याच्या अळ्या पानांची चाळण करतात, थंडीत तो जमिनीत जाऊन झोपतो आणि पुढच्या पावसात वर येतो. आम्ही दुसऱ्या पावसाळ्यात तो गायरानाच्या कडेला सोडला. भुंग्याने सगळं संपतं असं नाही, पण झाडं खुरटतात आणि फुलं कमी येतात. उपटायचं काम हलकं होतं.

मोकळ्या झालेल्या जागेत काय लावायचं, हा खरा प्रश्न. नुसतं उपटून जागा उघडी ठेवली तर गाजर गवतच परत येतं. मारवेलाचे ठोंब आम्ही शेतांच्या बांधांवरून आणले. पवन्याचं बी बायकांनी दिवाळीच्या सुमारास ओंजळीने ओरबाडून गोळा केलं, शेणमातीत कालवून पावसाच्या तोंडावर टाकलं. कडेने एक पट्टा ज्वारी आणि मुगाचा पेरला, तो कापायचा नाही असं ठरवलं. पूर्वी घरोघर पाखरांचा वाटा ठेवायचेच की. तरोट्याचं बी गावाच्या वाटेवर, उकिरड्याच्या कडेला टाकलं. तो गाजर गवताला दाबतो आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते. कुरणात मात्र तरोटा येऊ दिला नाही, तिथं तो गवतालाच दाबतो.

पहिलं वर्ष गुरं सोडायची नाहीत असं ठरलं होतं. त्यावरून भांडणं झाली. एका रात्री कुणीतरी शेळ्या सोडल्या आणि निम्मे ठोंब गेले. पुन्हा लावले.

आता तीन पावसाळे झाल्यावर तिथं काय आहे? साधारण अर्ध्या जागेत मारवेल आणि पवन्या चांगला धरलाय. पाव भागात अजून गाजर गवत डोकं काढतं. ससे आहेत, तित्तर आहेत, ज्वारीच्या पट्ट्यावर पाखरांची झुंबड असते. सकाळी हरणं बसलेली दिसतात. शेतातली हरणं कमी झाली का? एक शेजारी शेतकरी म्हणतो, माझ्या हरभऱ्यावर यंदा कमी आली. दुसरा म्हणतो, काही फरक नाही. मला वाटतं दोघंही खरं बोलतात. दोन एकरांनी एका कळपाचं किती दिवस भागणार? आणि पुढ्यात ओला हरभरा असला तर गवताकडे कोण बघेल? आपणही भज्जी सोडून भाकरीचा कोरका खाणार नाही. राखण करावीच लागणार. पण गायरानात काहीच नसलं तर हरणाला शेताशिवाय दुसरी वाटच नाही. ती वाट त्याला आपण ठेवली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि दोन एकरांवर थांबून चालणार नाही, गावोगावची गायरानं यात आली पाहिजेत.

आता माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही हे सगळं श्रमदानातून केलं. मला फार अभिमान होता त्याचा. भाषणात सांगायचे, एक रुपया खर्च नाही! एक दिवस गटातली एक जण हात पुढे करून उभी राहिली. कोपरापर्यंत पुरळ. म्हणाली, "ताई, गवत काढायचं पुण्य आमचं, ते खरं. पर रोजबी आमचाच बुडाला अन् मलमाचा खर्चबी आमचाच. असं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हातमोजे आणायचं मला सुचलं नव्हतं. ती रोजाने जगणारी बाई, तिचे सहा दिवस मी फुकट घेतले होते आणि वर त्याचं कौतुक सांगत होते. गावात श्रमदान म्हटलं की बायका आणि ज्यांना जमीन नाही ती माणसं पुढे येतात. वाचतो तो हरभरा मात्र जमीनवाल्यांचा.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही नियम बदलले. ज्याला त्या गवताची ॲलर्जी आहे तिने उपटायला यायचंच नाही, तिने बी गोळा करायचं. बाकीच्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला रुमाल. मजुरी गावच्या रोजाप्रमाणे. ती कुठून? ज्यांची शेतं कुरणाला लागून आहेत त्यांनी एकरी वर्गणी द्यायची. आणि पोळ्यानंतर वाढलेलं गवत कापून विकायचं, तो पैसा गटाचा. कापताना तिसरा हिस्सा उभा ठेवायचा, तो हरणांचा आणि बियांचा. वर्गणीवरून कुरकुर झाली, अजूनही होते. पण आता बायका मनापासून येतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गायरान म्हटलं की आमच्या मराठवाड्यात लगेच दुसरा वाद निघतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला, तो जमिनीसाठीच होता. १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सांगितलं, तेव्हाही भूमिहीनांना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. हरणांचं नाव पुढे करून कुणी गरिबाची दोन एकर काढून घेणार असेल, तर मी त्या कुरणाच्या बाजूची नाही. आम्ही घेतली ती जागा कुणीच कसत नव्हतं, नुसतं गाजर गवत कसत होतं. अशी जागा जवळपास प्रत्येक गावात निघते.

तेव्हा मला वाटतं, काही गोष्टी ग्रामसभेत बायकांनीच मागायला हव्यात. गायरानातलं गाजर गवत काढणं हे मजुरीचं काम धरा, सरकारी रोजगाराच्या कामांत ते घ्या. कुरणाचा तुकडा राखून ठेवा आणि तो पडीक आहे असं समजून त्यात खड्डे खणून झाडं लावू नका. सगळीच मोकळी जागा झाडांची नसते, काही जागा गवताची असते. आणि नुकसानीचे पंचनामे होतील तेव्हा शाळा बुडवून राखण करणाऱ्या पोरींचाही कुणीतरी हिशेब मांडा.

घरातून सुरुवात करायची तर एवढं करा. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह म्हणून पाळतात. त्याची वाट बघायचीही गरज नाही. पहिला पाऊस पडला की आपल्या अंगणातलं, परसातलं, मुलांच्या शाळेच्या कुंपणाकडचं झाड फुलावर यायच्या आत मुळासकट काढा. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला. उघड्या जागेत काहीतरी चांगलं लावा.

आमच्या चुलतीला मी आमच्या दोन एकरांचं सांगितलं. तिने विचारलं, "हरणं यायलीत का तिथं?" म्हटलं, यायलीत. "मग बरं हाय," म्हणाली, आणि लगेच पुढचं विचारलं, "आपल्या गायरानात कधी लावायलीस?"

या पावसाळ्यात माहेरी ग्रामसभेला जायचं ठरवलंय. वहिनीला सांगून ठेवलंय, तूही यायचं, मागे बसायचं नाही, बोलायचं. येत्या येळवशीला लगेच रानातला हरभरा भज्जीत येईल असं काही मी म्हणत नाही. पण गायरानात हरणासाठी काहीतरी वाढून ठेवायला सुरुवात तर झालेली असेल.